नऊ विजय आणि एक गुण

शाळांचे निकाल लागले की घराघरांतून एकच प्रश्न कानी येतो : "कितवा आला?" मुलाने वर्षभर काय वाचले, कोणता विषय त्याला आवडू लागला, कोठे तो अडला आणि अडलेला कसा सुटला, हे सहसा कोणी विचारीत नाही. पहिला आला तर पेढे, दुसरा आला तर "थोडक्यात गेला हो!" असे म्हणून पाठीवरून हात, आणि त्याखाली आला तर मौन. बैलगाड्यांच्या शर्यतीतही तोच न्याय. पहिल्या जोडीवर गुलाल उधळला जातो. दुसरी जोडी कोणाची होती हे दिवेलागणीपर्यंत कोणाच्या ध्यानीही राहात नाही. हा पहिल्या-दुसऱ्याचा हिशेब आपण समजतो तितका सरळ आहे काय, याविषयी आज चार शब्द बोलावेत असे आमच्या मनात आहे. आणि त्यासाठी आम्ही वाचकांस जरा दूर, सातासमुद्रांपलीकडे इंग्लंडात घेऊन जाणार आहो.

विषय आहे मोटारींच्या शर्यतींचा. एखादी वाचकभगिनी म्हणेल की, "मोटारशर्यतींशी आमचा काय संबंध? आम्हांला एस. टी. वेळेवर मिळाली तरी पुरे!" तिचे म्हणणे रास्त आहे. परंतु या हकीकतीत मोटारी केवळ निमित्तमात्र आहेत. खरी गोष्ट आहे ती दोन तरुणांची, त्यांच्या वडिलांची, आणि १९८३ सालच्या एका लांबलचक हंगामाची. तीत आपल्या घरातल्याच मुलांचे चेहरे वाचकांस दिसतील अशी आमची खात्री आहे.

प्रथम खेळाची थोडी ओळख करून घेऊ. एकच माणूस कसाबसा बसेल एवढी अरुंद, जमिनीला जवळजवळ टेकलेली, वर छप्पर नाही आणि चाके उघडी, अशी ही शर्यतीची गाडी असते. या प्रकारच्या गाड्यांच्या शर्यतींतही शाळेप्रमाणे इयत्ता असतात. सर्वांत वरची इयत्ता ती 'फॉर्म्युला वन'. तिच्यात जगज्जेतेपद ठरते. तिच्या खालच्या पायऱ्यांपैकी एक 'फॉर्म्युला थ्री'. इंग्लंडातील फॉर्म्युला थ्रीचे राष्ट्रीय अजिंक्यपद ही त्या काळी जगभरच्या होतकरू चालकांची कसोटी मानली जात असे. तेथे जो चमकला त्याच्याकडे फॉर्म्युला वनच्या मालकांचे लक्ष गेलेच म्हणून समजावे. म्हणूनच ब्राझीलपासून न्यूझीलंडपर्यंतची मुले घरदार सोडून त्या थंड, पावसाळी देशात येऊन राहात.

या इयत्तेतील नियमांचा हेतू असा की, शर्यत यंत्राची कमी आणि माणसाची अधिक व्हावी. इंजिन दोन लिटरांचे. तेही रस्त्यावरच्या साध्या मोटारीच्या इंजिनावरून तयार केलेले. आणि त्याला हवा घेण्यासाठी ठेवलेले भोक अवघे २४ मिलिमीटर रुंदीचे. तोंडावर रुमाल बांधून धावणाऱ्या माणसाप्रमाणे त्या इंजिनाची स्थिती. ताकद बेताची असल्यामुळे वळणावर एकदा वेग गमावला की तो परत मिळविणे कठीण. साहजिकच जो चालक कमीत कमी चुका करील आणि वळणातून वेग टिकवून बाहेर पडेल तोच पुढे. तरीही या गाड्या ताशी दोनशे किलोमीटरांहून अधिक वेगाने धावत, हे ध्यानी घ्यावे.

१९८३ च्या हंगामात वीस शर्यती व्हावयाच्या होत्या. पहिल्यास नऊ गुण, दुसऱ्यास सहा, तिसऱ्यास चार, पुढे तीन, दोन, एक; आणि शर्यतीत सर्वांत जलद फेरी मारणाऱ्यास आणखी एक गुण. वर्षअखेरीस ज्याचे गुण सर्वाधिक तो अजिंक्य. त्यातही एक मेख अशी की, वीसही शर्यतींचे गुण धरावयाचे नाहीत. उत्तम अशा सतराच निकालांचे धरावयाचे. ही मेख वाचकांनी मनाशी ठेवावी. पुढे तिची आठवण होणार आहे.

आता त्या दोन तरुणांकडे वळू.

पहिला आयर्टन सेन्ना दा सिल्वा, ब्राझीलमधील साओ पाउलो शहरचा. जन्म २१ मार्च १९६०. दा सिल्वा हे आडनाव आमच्या गोमंतकीय आणि वसईकर वाचकांस परके वाटणार नाही. ब्राझीलमध्ये तर ते इतके सर्वत्र आढळते की, पुढे या मुलाने आईच्या माहेरचे 'सेन्ना' हेच नाव लावण्याचे ठरविले. मातृभाषा पोर्तुगीज. घर सुखवस्तू, वडिलांचा उद्योगधंदा होता, जमीनजुमला होता. लहानपणी मुलाच्या हातापायांच्या हालचाली नीट जुळत नसत, आणि त्याची घरच्यांना काळजी वाटे. तो चार वर्षांचा असता वडिलांनी गवत कापण्याच्या यंत्राचे एक अश्वशक्तीचे इंजिन लावून त्याला छोटी गाडी बनवून दिली. त्या गाडीत बसल्यावर हाच मुलगा अगदी निराळा दिसू लागला. तेराव्या वर्षी तो लहान गाड्यांच्या शर्यतीत उतरला, आणि विशीत इंग्लंडात आला.

इंग्लंडात पहिल्याच वर्षी, १९८१ साली, त्याने प्राथमिक इयत्तेची दोन अजिंक्यपदे जिंकली, आणि वर्ष संपताच शर्यती सोडून घरी परतत असल्याचे जाहीर केले! वडिलांची इच्छा होती की मुलाने आता घरचा व्यवसाय पाहावा. आपणांपैकी किती घरांत हा प्रसंग घडला असेल! शेत आहे, दुकान आहे, वडील थकत चालले आहेत, आणि मुलाचे चित्त भलतीकडेच. तो घरी गेला, काही महिने व्यवसायात लक्षही घातले. परंतु मन लागेना. अखेर १९८२ च्या आरंभी तो पुन्हा इंग्लंडात परतला. मुलगा घरी आहे पण घरात नाही, हे ओळखणाऱ्या बापाला काय वाटले असेल, ते ज्यांनी आपली मुले दूर धाडली आहेत त्यांनाच कळेल. त्या वर्षी सेन्नाने वरच्या इयत्तेची ब्रिटिश आणि युरोपीय अशी दोन्ही अजिंक्यपदे मिळविली.

दुसरा तरुण मार्टिन ब्रंडल. हा इंग्लंडच्या पूर्वेकडील नॉरफोक परगण्यातल्या किंग्ज लिन या गावचा. जन्म १ जून १९५९. वडील स्वतः मोटारींच्या रॅली करणारे, पेशा मोटारविक्रीचा. मुलगा बाराव्या वर्षापासूनच जवळच्या खेड्यात गवताच्या मैदानावर जुन्या गाड्या पळवू लागला. म्हणजे याचेही शिक्षण मातीतच झाले. मात्र जो मुलूख सेन्नाला परका होता तो ब्रंडलच्या अंगणासारखा होता. एकाला भाषा, हवा, जेवण सारेच नवे. दुसऱ्याला सारेच घरचे.

दोघांच्याही गाड्या एकाच कारखान्याच्या होत्या. त्यांचे नाव राल्ट. रचनाकार रॉन टॉरानॅक. इंजिनेही दोघांची टोयोटाची. सेन्ना डिक बेनेट्स या न्यूझीलंडच्या कसबी तंत्रज्ञाच्या वेस्ट सरे रेसिंग या संघात होता. याच संघाने १९८१ चे अजिंक्यपद जोनाथन पामर याच्या हातून जिंकून घेतले होते. ब्रंडल एडी जॉर्डन याच्या संघात. हा जॉर्डन आयर्लंडच्या डब्लिन शहरचा, पूर्वीचा बँकेतला कारकून. स्वतः शर्यती करून पाहिल्या, आणि मग संघ काढला. पैशाची नेहमीच ओढाताण, पण माणूस मोठा हिकमती. गंमत अशी की, सेन्नाने फॉर्म्युला थ्रीची गाडी प्रथम चालवून पाहिली ती १९८२ साली याच जॉर्डनच्या संघाची! परंतु गेला मात्र तो बेनेट्सकडे.

६ मार्च १९८३ रोजी सिल्व्हरस्टोन येथे हंगामास प्रारंभ झाला. सिल्व्हरस्टोन हे मूळचे दुसऱ्या महायुद्धातील विमानतळाचे मैदान. युद्ध संपले, विमाने गेली, आणि त्या रुंद वाटांवर मोटारी धावू लागल्या. सेन्ना जिंकला. पुढल्या आठवड्यात थ्रक्स्टन येथे पुन्हा सेन्ना. मग पुन्हा सिल्व्हरस्टोन, मग डॉनिंग्टन. सेन्ना आणि सेन्नाच. एप्रिल गेला, मे गेला. मे महिन्याच्या अखेरीस नऊ शर्यती झाल्या होत्या, आणि नऊच्या नऊ या परदेशी मुलाने जिंकल्या होत्या. इंग्रज क्रीडालेखक विनोदाने सिल्व्हरस्टोनला 'सिल्वास्टोन' म्हणू लागले.

सेन्नाची एक खुबी अशी सांगतात की, पहिल्याच फेरीत तो इतरांहून कितीतरी पुढे निघून जाई. प्रारंभी टायर थंड असतात, त्यांची पकड नसते. इतर चालक ते तापण्याची वाट पाहात. हा मात्र थंड टायरांवरही गाडीचा तोल सांभाळून वेग घेई. बाकीचे सावरेपर्यंत हा दृष्टीआड.

आता वाचकांनी क्षणभर त्या ब्रंडलचा विचार करावा. नऊ शर्यती झाल्या, आणि त्यांतील बहुतेकींत तो दुसरा आला. तो काही मंद नव्हता. इतर सारे चालक त्याच्या मागेच होते. कोणत्याही अन्य वर्षी तो सहज पुढे असता. परंतु ज्या वर्गात असा एक मुलगा असतो की जो काही केल्या पहिला क्रमांक सोडीत नाही, त्या वर्गातील दुसऱ्या मुलाचे दुःख कोणी लिहून ठेवीत नाही. दर रविवारी आपण जीव तोडून करावे, आणि दर रविवारी समोर तेच पिवळे शिरस्त्राण दिसावे! अशा वेळी मनुष्य दोहोंपैकी एक करतो. एक तर तो मनाने खचतो, नाही तर दात-ओठ खाऊन आंधळा धावतो. ब्रंडलने यांपैकी काहीच केले नाही. तो शर्यत पुरी करीत राहिला, सहा-सहा गुण गाठीस बांधीत राहिला, आणि समोरच्याकडून शिकत राहिला. आमच्या मते या हंगामातील पहिला मोठा पराक्रम सेन्नाच्या नऊ विजयांचा. परंतु दुसरा, आणि तोही लहान नव्हे, ब्रंडलच्या या चिकाटीचा.

१२ जूनला वारे फिरले. त्या दिवशी सिल्व्हरस्टोनवर ब्रिटिश आणि युरोपीय अशा दोन्ही स्पर्धांतील चालक एकत्र धावले. ब्रंडल आरंभापासून पुढे होता. सेन्ना त्याला गाठण्याच्या भरात मार्गाबाहेर गेला, आणि ब्रंडल प्रथम आला. एका शर्यतीची ती गोष्ट. पण तिचा अर्थ फार मोठा होता. ज्याला हरविता येत नाही असे सारे म्हणत होते, त्याला हरविता येते, हे ब्रंडलला कळून चुकले. आणि आपणही हरू शकतो, हे सेन्नाला कळले. परंतु ते त्याला सोसले नाही.

पुढच्याच आठवड्यात कॅडवेल पार्क. डोंगरउतारावरचा अरुंद, वळणावळणांचा मार्ग. सरावात सेन्नाची वेळ सर्वांत चांगली होती. पहिल्या जागेवरून निघण्याचा मान त्याचा ठरल्यासारखाच होता. तरीही आणखी थोडी चांगली वेळ काढावी म्हणून तो पुन्हा निघाला, आणि गाडी आदळून मोडली. शर्यतीत त्याला भागच घेता आला नाही. ब्रंडल जिंकला. जुलैच्या आरंभी स्नेटरटन येथे शर्यत संपत आली असता सेन्नाने ब्रंडलला ओलांडण्याचा प्रयत्न केला, आणि तो बाहेर फेकला गेला. दुसऱ्या स्थानाचे सहा गुण हातात असताना त्याने नऊंसाठी ते टाकून दिले, आणि पदरी शून्य आले. ऑल्टन पार्कला तर त्याहून भयंकर प्रकार घडला. ब्रंडलच्या आतून निघण्याच्या यत्नात सेन्नाची गाडी थेट ब्रंडलच्या गाडीवर जाऊन बसली. उघड्या गाडीत बसलेल्या माणसाच्या डोक्यापासून दुसऱ्या गाडीचे लोखंड काही इंचांवर! दोघेही धडधाकट बाहेर आले, हे केवळ सुदैव.

येथे आम्हांस थोडे थांबावेसे वाटते. सेन्नाची बाजू घेणारे म्हणतात की, ज्याच्या अंगी पहिला येण्याची अशी अनावर ओढ नसेल तो पुढे जगज्जेता होतच नाही. त्याला सहा गुणांवर समाधान मानावयास शिकविले असते, तर तो सेन्ना राहिला नसता. या म्हणण्यात तथ्य नाही असे आम्ही म्हणत नाही. परंतु हिशेबाची वही पुढे ठेवली तर ती निराळेच सांगते. नऊ शर्यती ओळीने जिंकणाऱ्या माणसाने नुसती शिस्तीने दुसऱ्या क्रमांकाची कमाई केली असती, तरी उन्हाळ्यातच अजिंक्यपद त्याच्या खिशात पडले असते. तसे न झाल्यामुळे डोंगराएवढी आघाडी वितळत वितळत ऑक्टोबरपर्यंत पार नाहीशी झाली. ओढ हवी, पण ती लगामाशिवाय असेल तर स्वतःचेच अंगण तुडविते, आणि कधी शेजाऱ्याचा जीवही धोक्यात घालते. आपल्या मुलांना "पहिलाच ये" असे सांगताना यातले दुसरे अर्धे आपण सांगतो का, हा प्रश्न आम्ही वाचकांपुढे ठेवितो.

मध्यंतरी जुलैत सेन्नाला डॉनिंग्टनच्या मैदानावर विल्यम्स संघाची फॉर्म्युला वन गाडी चालवून पाहावयास मिळाली, आणि पहिल्याच दिवशी त्याने जाणकारांना चकित केले. ज्या दारासाठी एवढा खटाटोप, ते दार त्याच्यासाठी उघडत होते. परंतु खालच्या इयत्तेचा निकाल अजून लागावयाचा होता, आणि तो अर्धवट सोडून पुढे जाणे त्याच्या स्वभावात नव्हते.

ऑगस्ट-सप्टेंबरात ब्रंडल आणि जॉर्डनच्या संघाने कमाल केली. पैसा तुटपुंजा, माणसे मोजकी. पण गाडी दर आठवड्याला थोडी अधिक चांगली होत गेली. ब्रंडलही आता दबून नव्हता. २३ ऑक्टोबर रोजी हंगामाची विसावी आणि शेवटची शर्यत थ्रक्स्टन येथे व्हावयाची होती. त्यावेळी गुणांचा तक्ता पाहून लोकांचा डोळ्यांवर विश्वास बसेना. ब्रंडल एका गुणाने पुढे होता! मार्च ते मे ज्याने एकही शर्यत जिंकली नव्हती तो पुढे, आणि ज्याने एकही हरली नव्हती तो मागे.

आता ती मघाची मेख वाचकांनी आठवावी. उत्तम सतरा निकालांचेच गुण धरावयाचे. सेन्ना जेव्हा जेव्हा अपघातात सापडला तेव्हा त्याचे शून्य आपोआप गळून गेले. ब्रंडल मात्र जवळजवळ प्रत्येक शर्यतीत काही ना काही मिळवीत आलेला. त्याला आता मिळविलेल्यांतलेच टाकावयाचे होते. जो नियमाने कमावतो त्यालाच कधी कधी सोडावे लागते, असा हा विचित्र न्याय. परंतु नियम हंगामाच्या आरंभीच सर्वांना ठाऊक होता. त्यामुळे त्याविषयी तक्रार करण्यास जागा नव्हती.

सेन्नाच्या गोटातही स्वस्थता नव्हती. जॉर्डनच्या संघाचे इंजिन आता आपल्याहून सरस चालते आहे, हे सेन्ना आणि बेनेट्स यांच्या ध्यानी आले होते. ही इंजिने इटलीतील नोवारा येथील नोव्हामोटर या कारखान्यात तयार होत. तेव्हा सेन्ना आपले इंजिन घेऊन स्वतः इटलीस गेला, आणि ते पुन्हा बांधवून आणले. बियाणे शेजाऱ्यावर न सोपविता स्वतः बाजारात जाऊन पारखून आणणाऱ्या शेतकऱ्याची ही रीत. ज्याला आपण केवळ दैवी देणगी म्हणतो तिच्या पोटात असे कितीतरी रात्रींचे प्रवास असतात. ते कोणास दिसत नाहीत इतकेच.

थ्रक्स्टन हेही जुन्या विमानतळाचेच मैदान. फेरी सुमारे पावणेचार किलोमीटरांची आणि फार वेगवान. ऑक्टोबर अखेरची थंडी. अशा थंडीत इंजिनातील तेल तापावयास वेळ लागतो, आणि तोवर इंजिन पुरी ताकद देत नाही. बेनेट्स आणि सेन्ना यांनी युक्ती केली. तेल थंड ठेवण्याची जी जाळी असते तिच्यावर त्यांनी चिकटपट्टी लावून हवेची वाट बंद केली. आपल्या गृहिणी चुलीवरच्या भांड्यावर झाकण ठेवितात, तोच हा प्रकार! तेल लवकर तापावे आणि पहिल्याच फेऱ्यांत आघाडी घेता यावी, हा हेतू. परंतु झाकण वेळेवर काढले नाही तर दूध उतू जाते, तद्वत ती पट्टी वेळेवर काढली नाही तर इंजिन जळून जावयाचे. आणि ती काढावयाची कोणी? धावत्या गाडीत बसलेल्या चालकानेच!

शर्यत सुरू झाली. सेन्ना बाणासारखा पुढे निघाला. काही फेऱ्या झाल्या. तेलाचा काटा वर चढू लागला. तेव्हा त्या वेगात त्याने छातीवरचे पट्टे सैल केले, हात बाहेर काढून ती पट्टी ओढून काढली, आणि पुन्हा सावरून बसला. या सर्व वेळात गाडी मार्गावर होती, आणि आघाडीही सुटली नव्हती. हे आम्ही अनुकरणासाठी लिहीत नाही. जीव टांगणीला लावणारे ते साहस होते, आणि कोणाच्या आईने ते पाहिले असते तर तिने डोळे मिटून घेतले असते. परंतु उन्हाळाभर जो घाईने गाडी मोडीत होता, त्याने या शेवटच्या दिवशी घाई न करता, वेळ पाहून, थंड डोक्याने हे केले, हे मात्र लक्षात घेण्याजोगे आहे. कॅडवेल आणि स्नेटरटन यांनी त्याला काही शिकविले होते, असे आम्हांस वाटते.

सेन्ना प्रथम आला. ब्रंडल तिसरा आला. अंतिम हिशेब झाला : सेन्ना १३२ गुण, ब्रंडल १२३. बारा विजयांसह सेन्ना १९८३ चा अजिंक्यवीर ठरला. महिन्याभराने मकाव येथे फॉर्म्युला थ्रीची मोठी शर्यत झाली, तीही त्यानेच जिंकली. मकाव त्या काळी, गोमंतकाप्रमाणेच एकदा, पोर्तुगीजांच्या अमलाखाली होते. पोर्तुगीज बोलणाऱ्या या तरुणाचे तेथील भिंतींवरच्या पाट्यांनी त्याच्याच भाषेत स्वागत केले असेल.

पुढील कथा जगजाहीर आहे. दोघेही १९८४ साली फॉर्म्युला वनमध्ये दाखल झाले. सेन्ना १९८८, १९९० आणि १९९१ असा तीन वेळा जगज्जेता झाला. आणि १ मे १९९४ रोजी, इटलीतील इमोला येथे, शर्यतीत आघाडीवर असतानाच त्याची गाडी भिंतीवर आदळली. वय अवघे चौतीस. ब्राझीलने तीन दिवस दुखवटा पाळला. त्याच्या बहिणीने त्याच वर्षी त्याच्या नावे संस्था स्थापन केली, आणि ती गरीब मुलांच्या शिक्षणाचे कार्य करू लागली.

आणि ब्रंडल? पहिल्याच वर्षी अमेरिकेतील डॅलस येथे अपघातात त्याचे दोन्ही पाय जबर दुखावले. तो बरा झाला, पुन्हा गाडीत बसला. फॉर्म्युला वनमध्ये तो १५८ शर्यती धावला. त्यांतील एकही जिंकली नाही. एवढेच वाचून कोणी चुकचुकेल. परंतु १९८८ साली तो स्पोर्ट्स मोटारींचा जगज्जेता झाला, आणि १९९० साली फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांची शर्यत जिंकणाऱ्या चमूत होता. १९९७ पासून तो दूरचित्रवाणीवर शर्यतींचे वर्णन करू लागला, आणि ज्यांनी त्याला कधी धावताना पाहिले नाही अशा लक्षावधी लोकांना त्याच्या आवाजाने तो खेळ समजावून दिला. जॉर्डननेही १९९१ साली स्वतःचा फॉर्म्युला वन संघ उभारला. मार्च २०२५ मध्ये तो निवर्तला. ज्या जुन्या ब्रिटिश स्पर्धेने हे सारे घडविले, ती २०१४ च्या हंगामानंतर बंद पडली.

वाचकहो, एवढी लांब हकीकत सांगून आम्हांस काय म्हणावयाचे आहे? हे की, त्या वर्षाची आठवण निघाली की आज कोणीही एकट्या सेन्नाचे नाव घेत नाही. "सेन्ना आणि ब्रंडल यांचे वर्ष" असेच ते ओळखले जाते. ब्रंडल नसता तर सेन्नाने वीसपैकी कदाचित वीसही शर्यती जिंकल्या असत्या, आणि त्या वर्षाची कोणाला आठवणही राहिली नसती. जूनमध्ये त्याला ज्याने हरविले, त्यानेच त्याला ऑक्टोबरमध्ये जिंकावयास शिकविले. आणि सेन्ना नसता तर ब्रंडलला आपल्या अंगी किती बळ आहे याचा थांगही लागला नसता. पहिला आणि दुसरा हे एकमेकांचे वैरी नसून गुरू असतात. मात्र ते दोघांनाही फार उशिरा कळते.

म्हणून आमची विनंती एवढीच. यंदा निकालाचा कागद घेऊन मूल दारात उभे राहील तेव्हा "कितवा आला?" हे अवश्य विचारावे, तो प्रश्न मनातून जाणार नाही, हे आम्ही जाणतो. परंतु त्यानंतर आणखी एक प्रश्न विचारावा : "तुझ्या पुढे कोण होता, आणि त्याच्यापासून तू काय शिकलास?" जर ते पहिले आले असेल, तर विचारावे : "तुझ्या मागोमाग कोण होता? त्याला भेटून आलास का?" पेढ्यांच्या पुड्यातले दोन पेढे त्या दुसऱ्या घरीही धाडावेत. तेही त्यानेच मिळवून दिलेले असतात.